सातव्या बोअरची जागा

मालवणकडे जाऊन आले म्हटलं की लोक आधी किल्ल्याबद्दल विचारतात, मग माशांबद्दल. किल्ला मी पाहिला नाही. मासे खाल्ले. पण आठवडाभरातला बहुतेक वेळ मी चिखल बघत होते, त्यामुळे इथे लिहिणार आहे तेही बरंचसं चिखलाबद्दलच.

मी पुण्यात एका लहान कंपनीत काम करते. जमिनीखालची माती तपासणं हे आमचं काम. रस्ता किंवा पूल बांधायच्या आधी ठरलेल्या जागी मनगटाएवढं भोक पाडत खाली जायचं, किती खोलीवर काय लागतं ते लिहायचं, मातीचे नमुने काढायचे आणि ही जमीन किती वजन पेलेल ते सांगायचं. त्या भोकाला आम्ही बोअर म्हणतो. मालवण तालुक्यात एका खाडीवर पूल आणि त्याला जोडणारा मोठा रस्ता व्हायचा आहे. त्या रस्त्याचे नऊ बोअर. मी पोचायच्या आधीच सात झाले होते. उरलेले दोन समोर उभं राहून करून घ्यायचे, आधीच्या सातांच्या नोंदींवर सह्या करायच्या आणि नमुने नीट बांधून आणायचे, एवढंच माझं काम होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण काम अजून चालू आहे. मसुऱ्याहून खाडीच्या कडेकडेनं समुद्राकडे निघालं की ते लागतं, इतकं पुरे.

सड्यावरून खाली

डिसेंबर होता. कुडाळहून निघालेली गाडी थोड्या वेळात सड्यावर आली. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा सपाट माळ. पावसाळ्यातलं गवत वाळून पिवळं झालं होतं आणि मधूनमधून काळसर कातळ वर आला होता. तिथे पहार मारली तर पहारच वाकेल. मग रस्ता वळणं घेत काजूच्या बागांतून उतरू लागला, आणि दहा मिनिटांत आम्ही अशा सपाट, ओल्या, करड्या-हिरव्या जमिनीपाशी आलो की तिच्यावर नजरसुद्धा टेकवायला भीती वाटावी. दहा मिनिटांच्या उतारात इतकी बदललेली जमीन मी आधी पाहिली नव्हती. आमच्याकडे पुण्यात दोन हात खाली कुठेही मुरूम नाहीतर काळा दगड. जमीन म्हणजे टणक, हे मी लहानपणापासून धरूनच चालले होते.

खाडीकाठच्या या सखल जमिनीला तिथे खाजण म्हणतात. भरतीचं खारं पाणी आत येऊ नये म्हणून खाडीच्या बाजूनं मातीचा लांबलचक बांध असतो, आणि बांधाच्या आत भातशेती. भरतीला बांधावर उभं राहिलं तर डावीकडचं खाडीचं पाणी उजवीकडच्या शेतापेक्षा चक्क उंच दिसतं. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी उगाच दोन पावलं शेताकडे सरकले, जणू तिकडे जास्त सुरक्षित असणार होतं.

राहायची सोय रेखाकाकींकडे होती. यजमान मुंबईला बंदरात नोकरीला, मुलगी लग्न होऊन दोडामार्गला. घर मोठं, आणि बोलायला माणूस नाही म्हणून काकी आल्यागेल्याशी दोघांचं बोलतात.

"तुझा नाव काय गो?"

"मुग्धा."

"मासे खातंस मा? की तुका आमटी-भात करू?"

"चालेल," मी म्हणाले. काय चालेल ते मलाच ठरवता आलं नव्हतं. शाळा इंग्रजी, घरचं मराठी पुणेरी. मालवणी कानावर पडली की पहिला दिवसभर मी नुसती मान हलवत होते. काकींनी माझ्याकडे जरा निरखून पाहिलं आणि दोन्ही केलं. तिरफळं घातलेलं बांगड्याचं तिखलं, वरून सोलकढी, आणि बाजूला एका वाटीत आमटी, "वाटला तर." आमटीला मी हात लावला नाही हे त्यांनी पाहिलं, आणि त्यानंतर पुन्हा विचारलं नाही.

बांध

दुसऱ्या दिवशी आठव्या बोअरला सुरुवात झाली. भोक पाडणाऱ्या टोळीचा मुकादम बसप्पा, बेळगावकडचा, चाळिशीचा, कानांवर लोकरीची टोपी खेचलेला. लोखंडी तिपाई, तिच्यावरून दोरखंडानं वर जाऊन धाडकन खाली पडणारा वजनदार हातोडा, आणि हातोड्याखाली जमिनीत शिरणारी सळई. ठरावीक अंतर जायला किती ठोके लागतात ते मोजायचं. ठोके जास्त म्हणजे जमीन घट्ट. आठव्या बोअरला दोन, तीन, दोन असे ठोके लागत होते. म्हणजे मऊ.

मी लिहून घेत होते आणि उजव्या पायाचा बूट हळूहळू नाहीसा होत होता. लक्षात आलं तेव्हा मी पोटरीपर्यंत आत होते. पाय ओढला, तो आला; बूट आला नाही.

"ओढू नको गो! हलव. आधी हलव, मगे काढ," बांधावरून कोणीतरी ओरडलं.

ते दाजी. रेखाकाकींचे चुलत सासरे, सत्तरी ओलांडलेले, गुडघ्यापर्यंत धोतर आणि हातात फावडं. खाजणातल्या पाच घरांनी मिळून बांध सांभाळायला दाजींकडे दिलाय. त्यांची स्वतःची शेतीही त्या बांधामागेच. रोज भरतीच्या आधी ते बांधावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत चालतात आणि कुर्ल्यांनी, म्हणजे खेकड्यांनी, पाडलेली बिळं शोधून ओल्या मातीनं बुजवतात. बीळ बोटाएवढं असतं. "एक भरती ऱ्हवला तर मुठीएवढा होता, आणि दोन भरती ऱ्हवला तर मगे माझ्याएवढा," असं त्यांनी मला नंतर सांगितलं. माती घालून झाली की टाचेनं तीनदा दाबतात. चौथ्यांदा कधीच नाही. का ते मी विचारलं नाही, पण मोजत मात्र राहिले.

दाजींनी नारळाची एक वाळकी झावळ माझ्या पुढ्यात टाकली आणि तिच्यावर पाय द्यायला सांगितला. झावळ चिखलावर पसरली, माझं वजन तिनं घेतलं आणि मी बाहेर आले. मऊ जमिनीवर रस्ता करताना आधी एक कापड अंथरतात, वजन पसरावं म्हणून. त्यावर मी परीक्षेत सहा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. तेच उत्तर मी आता अनवाणी पायानं उभं राहून पाहत होते.

घरी गेल्यावर काकी हसून हसून भिंतीला टेकल्या. "खाजणान बूट खाल्ल्यान? नवो होतो?" मग आतून यजमानांच्या रबरी चपला आणून दिल्या. पुढचे सगळे दिवस मी त्या मापाला मोठ्या चपला फटफटवत फिरले.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर बसून जुन्या नोंदींवर सह्या करू लागले. सहाव्या बोअरपर्यंत सगळं ठीक होतं. प्रत्येक ठिकाणी नऊ-दहा मीटर मऊ चिखल. सातव्याच्या कागदावर मात्र दोन मीटरवरच जांभा लागलेला. पन्नासहून जास्त ठोके, सळई पुढे जात नाही, बोअर तिथेच बंद. जांभ्याचं काही सांगता येत नाही, मध्येच एखादा उंचवटा असू शकतो, असं मी स्वतःला समजावलं. पेन टेकवलं होतं, इतक्यात दाजी अंगणात आले. रागावलेले होते, पण फावडं नीट भिंतीला टेकवून मगच बोलले.

"मॅडम, एक विचारूचा आसा. नारळ दिलो खंय आणि तुमच्या माणसांनी खणल्यानी खंय?"

मला काहीच कळलं नाही. काकींनी समजावून सांगितलं. तिकडे जमिनीला हात लावायचा तर आधी तिथल्या राखणदाराला, म्हणजे जागा राखणाऱ्या देवाला, नारळ देऊन गाऱ्हाणं घालतात. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्यानं बोलणं: कोण आलंय, कुठून आलंय, नेमक्या कुठल्या जागी काय करणार आहे, चुकलंमाकलं तर सांभाळून घे. सातव्या बोअरच्या वेळी बसप्पाच्या टोळीनं दाजींना बोलावलं होतं. दाजींनी बोअरच्या खुणेच्या खुंटीपाशी गाऱ्हाणं घातलं, नारळ फोडला आणि लाल कापड बांधलेली काठी रोवून घरी गेले.

"मी म्हटलंय, म्हाराजा, हय खणतले. हय! आणि ह्यांनी जावन बांधार खणल्यानी. आता मी खोटो पडलंय. उद्या पुन्हा गाऱ्हाणा घालूक गेलंय तर तो माझा आयकात?"

मी कागद बंद केला आणि त्यांच्यामागून गेले.

नकाशाप्रमाणे रोवलेली पट्टेरी खुंटी कधीच गेली होती. म्हशींनी उखडली म्हणे. काठी मात्र तिथेच होती. कापड फिकं झालेलं, खाली करवंटीचे दोन तुकडे. म्हशींनासुद्धा कोणी तिच्याजवळ जाऊ दिलं नव्हतं. मोबाइलमध्ये साठवलेल्या नकाशात पाहिलं; सातव्या बोअरची ठरलेली जागा म्हणजे ती काठी, दोन-चार हात इकडेतिकडे. तिथून मी बांधापर्यंत चालत गेले. सव्वीस पावलं. बांधाच्या माथ्यावर सिमेंटनं बुजवलेलं एक भोक होतं आणि ओल्या सिमेंटवर बोटानं काढलेला सातचा आकडा.

"बांधाच्या पोटात काय आहे दाजी?"

"चिरे," दाजी म्हणाले. "माझ्या आज्यान घातलेले. जांभ्याचे. त्यांनी काय माझ्या आज्याचे चिरे मोजल्यानी?"

अगदी तेच मोजलं होतं. आणि कागदावर मात्र काठीची जागा लिहिली होती.

चहा आणि उकड

बसप्पाला मी चहाच्या वेळी विचारलं. मला असं विचारता येत नाही. आधी त्याच्या गावाबद्दल दोन प्रश्न विचारले, मग ऊन किती आहे त्याबद्दल, मग हे. त्यानं नाकारलं नाही.

"तीन दिवस घातलं ओ मॅडम तिथं. तिपाईचा एक पाय उभा करतोय तोवर दुसरा खाली. आमचा एक माणूस तिपाईखाली सापडायचा राहिला. तुम्ही सांगा, काय करायचं?"

"कळवायचं."

"कोण ऐकतंय? सड्यावर गेलं की रोज वरनं फोन, झालं का, झालं का. पंचवीस पावलांत काय एवढं बदलतंय, म्हटलं. टणक लागलं तर तुमच्या रस्त्याला बरंच की."

तो वाईट माणूस नव्हता. चहाचा दुसरा कप त्यानं आधी मला दिला. मी "बघते" म्हणाले. हा शब्द मी फार वापरते. तो म्हटला की समोरच्याला वाटतं काहीतरी ठरलं, आणि ठरलेलं काहीच नसतं.

संध्याकाळी काकी भाकरीसाठी तांदळाच्या पिठाची उकड मळत होत्या. दाजी पायरीवर बसले होते. "ह्या चेडू सकाळपासून गप आसा," काकी म्हणाल्या. "काय झाला सांग तरी. दोन मीटर काय, धा मीटर काय, रस्तो तर वरून जातलो मा?"

मी उकडीचा गोळा परातीत चपटा केला. कडेला बोटभर उंच अशी पिठाची लहान कड उभी केली. "हा बांध," मी म्हटलं. "आणि हे खाजण. पुलावर चढायला इथे रस्ता उंच करावा लागणार. दोन माणसं एकमेकांच्या खांद्यावर उभी राहिली तर जेवढी उंच, त्याच्याही वर दीड-दोन मीटर मातीचा भराव. खाली खडक आहे असं कागद म्हणतो, म्हणून तो एकदम टाकतील." आणि मी मूठ गोळ्यावर दाबली.

मूठ खाली गेली. बाजूची उकड फुगून वर आली, आणि तिच्याबरोबर ती कड वर उचलली जाऊन मधोमध तडकली.

दाजी पुढे वाकून त्या तडकलेल्या कडेकडे बघत होते.

"माका वीस वर्सा होती," ते म्हणाले, "तेव्हा बांध एकदा फुटलो. एकच भरती भुतूर इली. एकच. मगे तीन वर्सा भात नाय. मीठ जमिनीतून जाता तसा जाता, पण तेका घाई नसता."

"आता फुटलो तर?" काकींनी विचारलं.

"आता माका तीन वर्सा कोण देता?" दाजी म्हणाले आणि हसले. काकी हसल्या नाहीत. त्यांनी तो गोळा पुन्हा एकत्र केला, पाण्याचा हात लावला आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू सांगतलंस मा गो ह्या तुझ्या सायबाक?"

"बघते," मी म्हणाले.

पुन्हा सड्यावर

गावात फोन लागत नाही. लागायला सड्यावर चढावं लागतं. सकाळी काकींनी पेज दिली, उकड्या तांदळाची, वर खोबऱ्याचा तुकडा आणि भाजलेला सुका बांगडा. ती पिऊन मी मोठ्या चपला फटफटवत वर गेले.

फोनवर आमच्या सरांनी सगळं ऐकून घेतलं. ते नेहमी ऐकून घेतात. मग म्हणाले, "टोळी नववा बोअर आटपून उद्या सुटतेय. पुढचं काम लागलंय त्यांना. तू सही करून ये. शंका आहे अशी रिपोर्टमध्ये एक ओळ घालू. डिझाइन करणारे थोडा हात राखूनच करतात."

"बरं सर," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

वरून खाजण पूर्ण दिसत होतं. भरती चढत होती. खाडीचं पाणी चकाकत होतं, बांधाची बारीक वाकडी रेघ, रेघेवर चालणारा एक ठिपका, मधूनच थांबणारा. थांबला की मी मोजत होते. एक, दोन, तीन. पुन्हा चालायला लागला. त्या रेघेच्या अलीकडे एका ठिकाणी लाल कापड आहे हे मला माहीत होतं म्हणून दिसलं. नाहीतर दिसलं नसतं. सरांची ती ओळ रिपोर्टच्या कितव्या पानावर येईल याचा मी विचार केला. आणि ती कोण वाचेल याचा.

मी पुन्हा फोन लावला.

"सर, मी सही करणार नाही."

"काय?"

"त्या जागेवर बोअर झालेलाच नाही. जे झालं ते बांधाच्या दगडांचं आहे. कागदावर शंका नाही, सर, कागदच चुकीचा आहे. मला दोन दिवस द्या. टोळीशी मी बोलते." एवढं मी एका दमात बोलले. फोनमधून पंख्याचा आवाज येत होता.

"नमुना निघेल का तिथे?" सरांनी विचारलं. "तिपाई उभी राहायची कशी?"

"राहील," मी म्हणाले. कशी ते माझ्या पायाला माहीत होतं.

काठीपाशी

बसप्पाला वाटलं होतं त्याच्या नावानं तक्रार गेली. मी म्हटलं, झालं ते झालं तसं लिहीन, तीन दिवस प्रयत्न केला तेही लिहीन, पण बोअर पुन्हा करायचा. तो टोपी काढून डोकं खाजवत राहिला. "उभी कशावर करायची ते सांगा की आधी."

ते दाजींनी सांगितलं. वादळात पडलेल्या दोन माडांचे सोट काकींच्या परसात होते. टोळीनं ते वाहून आणले, आडवे टाकले, वर झावळ्यांचे थरावर थर, त्यावर फळ्या. दुपारपर्यंत खाजणात एक तराफा तयार झाला. तिपाई सुटी करून खांद्यावरून आणली आणि त्यावर उभी केली. सगळे दोन मिनिटं तिच्या पायांकडे बघत राहिले. ती किंचित बसली आणि थांबली.

"नारळ?" दाजी म्हणाले.

सगळे चपला काढून काठीभोवती उभे राहिले. गाऱ्हाण्यात दाजी एकटे बोलतात आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्यानंतर होकार द्यायचा.

"बा राखणदारा, म्हाराजा! आदी हय नारळ दिलो आणि काम भलतीकडेच झाला. ती चूक पदरात घे, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज बसप्पाचा होता.

"आज ह्या चेडू पुण्यासून इला हा. तेका तुझ्या मातीचो ठाव घेवचो आसा. तेच्या मनात खोटा नाय, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" मी पहिल्यांदा नुसते ओठ हलवले होते. माझ्या मनात खोटं नाही असं इतक्या लोकांसमोर कोणी म्हणत असताना काय करायचं असतं, हे मला शिकवलेलं नव्हतं. दाजी थांबले, माझ्याकडे बघून पुन्हा म्हणाले, "तेच्या मनात खोटा नाय, म्हाराजा!" तेव्हा मी मोठ्यानं म्हटलं.

मग सळई उभी केली. बसप्पानं दोरखंड हातात घेतला, पण हातोडा सोडायची वेळच आली नाही. सळई आपल्याच वजनानं खाली जाऊ लागली. हळू, सरळ, कोणी ओढून घेतल्यासारखी. एक मीटर. दोन. नवीन तुकडा जोडला, तोही गेला. दोरखंड धरलेला हात तसाच वर ठेवून बसप्पा बघत होता.

"एक ठोका नाही ओ मॅडम," तो हळूच म्हणाला.

नऊ मीटरवर पहिला ठोका मारावा लागला. टणक जमीन अकराच्या पुढे. मधल्या खोलीवर पातळ पत्र्याची नळी दाबून नमुना काढला. निळसर करडा, लोण्यासारखा, बारीक शिंपल्यांचा, आणि असा वास की टोळीतले दोघं मागे सरकले. दाजींनी नखावर घेऊन हुंगला. "खाडीचोच. माझो आजो म्हणी, खाडी आदी हयसून जाय. माका ता खोटा वाटा."

नळ्यांची तोंडं मेणानं बंद करावी लागतात, आतली ओल उडू नये म्हणून. मेण काकींच्या चुलीवर जुन्या टोपात वितळवलं. तो टोप नंतर मासे शिजवायला चालेल का, यावर काकी आणि बसप्पा यांचा वाद झाला. तो काकींनी जिंकला, म्हणजे टोप फेकला.

दुसऱ्या दिवशी नववा बोअर चालू असताना मी दाजींबरोबर बांधावरून चालले. अशा जमिनीवर रस्ता करायचाच झाला तर कसा करतात, असं दाजी विचारत होते. मी सांगितलं: चिखलात प्लास्टिकच्या लांब पट्ट्या उभ्या खुपसतात, त्यांतून आतलं पाणी वर येतं. मग थोडी माती टाकायची आणि थांबायचं. जमीन बसते, घट्ट होते. मग पुन्हा थोडी. पुन्हा थांबायचं.

"कितके दिवस?"

"वर्ष. दीड वर्ष."

दाजी कुर्लीच्या बिळावर टाच दाबत होते. "मगे ह्यो बांध कसो केलो वाटता तुका? दरवर्सा भात कापून झाला की एक वीत माती. वीतभरच. दुसऱ्या वर्साक बघूचा किती बसली ती, मगे वरती आणखी एक वीत. माझ्या आज्यान सुरू केल्यान, बापाशीन पुरो केल्यान. आमका कोणी पट्ट्यो दिल्यो नाय, म्हणून येळ लागलो."

परत

नमुन्याच्या नळ्यांना धक्का चालत नाही. धक्का बसला की माती विस्कटते आणि आहे त्याहून मऊ निघते. दाजींनी पेटाऱ्यात भाताचा पेंढा इतका ठासून भरला की नळ्या हलेनात. काकींनी वरून खटखट्या लाडवांची पिशवी ठेवली. ती मी काढून मांडीवर घेतली. टेम्पोतून घाट चढताना पेटारा मी दोन्ही पायांत धरून बसले होते. प्रत्येक खड्ड्याला "हळू" म्हणत होते.

"मॅडम, दही लावलंय काय त्यात?" टेम्पोवाल्यानं शेवटी विचारलं.

प्रयोगशाळेत नळी कापली तेव्हा माती अखंड होती. आकडे दाजींच्या आज्याच्या बाजूनं आले. सरांनी ते दोनदा तपासले आणि मग डिझाइनकडे शिफारस पाठवली: सातव्या जागेच्या दोन्ही बाजूंना भराव एकदम टाकू नये, पट्ट्या घालून टप्प्याटप्प्यानं टाकावा, आणि बांधाजवळचा भाग भरावाऐवजी पुलावरूनच न्यावा. ती मान्य होईल का हे मी सांगू शकत नाही. जुना कागद आम्ही फाडला नाही. दोन्ही जोडले आहेत, आणि दोन का आहेत तेही लिहिलं आहे.

नवीन कागदावर जागेच्या आकड्यांशेजारी शेऱ्याचा रकाना असतो. बहुतेक वेळा तो रिकामा राहतो. त्यात मी लिहिलं होतं: 'लाल कापड बांधलेल्या काठीपासून दक्षिणेला दोन पावलं, बांधापासून सव्वीस.' सरांनी त्याभोवती पेन्सिलीनं गोल केला आणि मला बोलावलं.

"हे काय?"

"खूण, सर."

"आकडे दिलेत ना शेजारी?"

"आकडे मागच्या वेळीही दिले होते," मी म्हणाले. "आणि खुंटी म्हशींनी उखडली. ती काठी कोणी हलवत नाही."

सरांनी कागद जवळ ओढला. मग खोडरबर घेतलं आणि पेन्सिलीचा गोल पुसला. शेरा तसाच ठेवला.